चाक थांबणें आणि गाडी थांबणें

चाक थांबलें कीं गाडी थांबली, ही समजूत बैलगाडीइतकीच जुनी आहे. उतारावर चाकास दगड लावणाऱ्याला ती खरीही ठरते. धांवत्या मोटारसायकलीस मात्र ती लागू पडत नाहीं, आणि तिच्यापायीं कित्येकांस प्राणाशीं गांठ पडते.

किनवटचेंच उदाहरण घ्यावें. १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यांत असलेला आणि त्यानंतर नांदेड जिल्ह्यांत आलेला हा तालुका पैनगंगेच्या कांठचा व सागवानी जंगलाचा. पावसाळ्यांत येथील ओल्या रस्त्यावर एखादें गुरूं आडवें आलें, म्हणजे स्वार घाबरून पायाचा ब्रेक गच्च दाबतो. मागचें चाक अडकतें, पण गाडी थांबत नाहीं. ती घसरत जाते.

याचें कारण सोपें आहे. फिरतें चाक रस्त्यास धरून असतें. अडकलेलें चाक नुसतें घासत जातें, आणि त्यास दिशाही देतां येत नाहीं. ब्रेक लागतांच भार पुढच्या चाकावर येतो. म्हणून थांबविण्याचें बहुतेक काम पुढचा ब्रेकच करतो. पण तेंच चाक अडकलें तर स्वार क्षणांत खालीं येतो, आणि याच भीतीनें अनेकजण त्यास हात लावीत नाहींत. ताशीं ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदास सुमारें १७ मीटर जाते. तेव्हां बिचकण्यांत गेलेला एक सेकंदही महाग पडतो.

यावरचा तोडगा विमानांच्या चाकांसाठीं निघाला. डनलॉप कंपनीचें ‘मॅक्सरेट’ यंत्र चाक अडकूं लागतांच ब्रेक सैल करी व पुन्हां लावी. १९५८ सालीं इंग्लंडांतील रोड रिसर्च लॅबोरेटरीनें तें रॉयल एन्फील्डच्या ‘सुपर मीटिऑर’ मोटारसायकलीवर बसवून पाहिलें. परंतु विक्रीच्या गाडींत तें आलें नाहीं. त्याच कंपनीची ‘बुलेट’ १९५५ पासून मद्रासेस जुळविली जात होती. तिच्या भारतीय स्वारांस असा ब्रेक मिळण्यास आणखी सुमारें साठ वर्षें जावीं लागलीं. मध्यंतरीं १९८८ मध्यें बीएमडब्ल्यूनें ‘के १००’ या गाडीवर विद्युत्-नियंत्रित एबीएस आणला. त्याचें वजनच सुमारें ११ किलो होतें. भारतांत १ एप्रिल २०१८ पासून नव्या नमुन्यांस, व १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या गाड्यांस, १२५ सीसीवर तो सक्तीचा झाला.

हा ब्रेक वापरणाऱ्यास नवी संवय लावून घ्यावी लागते. जोरानें ब्रेक लावतांच हाताखालीं दांडी थरथरते. तो बिघाड नव्हे. यंत्र सेकंदांत अनेकवार पकड सोडून पुन्हां धरीत असतें. अशा वेळीं दचकून हात सैल करणें, हीच खरी चूक. तथापि यंत्रासही मर्यादा आहेत. सैल मुरुमावर थांबण्याचें अंतर वाढूंही शकतें. आणि झिजलेल्या टायरास पकड कोणतेंही यंत्र देऊं शकत नाहीं.

२०१९ च्या त्या नियमानें १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांस दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस ही स्वस्त योजनाही चालत असे. तिनें पुढच्या ब्रेकाचा उपयोग होतो खरा, पण चाक अडकणें टळतेंच असें नाहीं. आणि खेड्यापाड्यांतील बहुतेक संसार अशाच लहान गाडीवर चालतात. त्या स्वारांनीं यंत्राचें काम आपल्या हातास शिकवावें: मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगांत, दोन्ही ब्रेक एकदम न आवळतां क्रमानें वाढवीत न्यावे, आणि चाक अडकूं लागतांच किंचित् सोडावे. थांबण्याच्या कलेंत धरण्याइतकेंच सोडण्यासही महत्त्व आहे.