नावावरून क्रमांक शोधणारी 'डीएनएस'

नांदेड जिल्ह्यातील कंधारला पत्र पाठवायचे, तर गावाच्या नावापुढे ४३१७१४ हा पिनकोड लिहावा लागतो. रोमन लिपीत एक अक्षर जास्त पडले, की आपल्या कंधारचे अफगाणिस्तानातील कंदाहार होते. टपाल खात्यातील श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, ती नावांच्या अशाच गोंधळावर उपाय म्हणून. इंटरनेटवरही माहिती पोहोचते ती क्रमांकांच्याच आधारे. मात्र येथे आपण केवळ नाव लिहितो. त्याचा क्रमांक शोधण्याचे काम 'डोमेन नेम सिस्टीम' अर्थात 'डीएनएस' ही यंत्रणा करते.

कंधारमधील एखाद्या विद्यार्थ्याने मोबाइलवर जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळाचे नाव, 'नांदेड डॉट गव्ह डॉट इन', टाइप केले असे समजू. हा प्रश्न प्रथम त्याच्या इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरकडे जातो. उत्तर तेथे नसेल तर तो सर्व्हर मूळ, म्हणजे 'रूट' सर्व्हरला विचारतो. नाव उजवीकडून वाचले जात असल्याने रूट सर्व्हर केवळ 'इन'ची यादी सांभाळणाऱ्यांकडे बोट दाखवतो. तेथून पुढचा ठिकाणा मिळतो आणि अखेर नांदेडची नोंद असलेला सर्व्हर आयपी क्रमांक कळवतो. हा सारा प्रवास बहुधा सेकंदाच्या एका अंशात आटोपतो. मिळालेले उत्तर ठरावीक काळ जपून ठेवले जाते, त्यामुळे पुढच्या माणसासाठी पुन्हा धावाधाव नको. रूट सर्व्हरची नावे तेराच आहेत, 'ए' ते 'एम'. त्यांच्या प्रती मात्र जगभर दीड हजारांहून अधिक ठिकाणी आहेत.

पूर्वी सर्व संगणकांची नावे एकाच फाइलमध्ये असत आणि ती अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट सांभाळत असे. संगणक वाढले तशी ती फाइल आवरेना. तेव्हा पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये यादी वाटून देण्याची ही योजना मांडली. भारताला 'इन' हे नाव १९८९ मध्ये मिळाले. त्याचा कारभार पुढे अनेक वर्षे मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे होता. २००५ मध्ये तो 'निक्सी'कडे आला आणि नावे सर्वांसाठी खुली झाली.

नावाचा क्रमांक सापडला नाही तर काय होते, हे ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री दिसले. देखभालीतील एका चुकीमुळे फेसबुकचे डीएनएस सर्व्हर जगाला दिसेनासे झाले आणि फेसबुक, व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम सुमारे सहा तास ठप्प झाले.

याहून घातक प्रकार म्हणजे चुकीचा क्रमांक मिळणे. अशा बनावट उत्तरांचा धोका डॅन कामिन्स्की यांनी २००८ मध्ये दाखवून दिला. उत्तरावर डिजिटल सही करण्याची पद्धत रूट सर्व्हरवर २०१० मध्ये आली. पण सही केवळ उत्तर खरे असल्याची ग्वाही देते, संकेतस्थळाचा मालक प्रामाणिक असल्याची नव्हे. बँकेच्या नावात एक अक्षर बदलून कोणी दुकान थाटले, तर डीएनएस तिकडेही इमानेइतबारे पोहोचवणार. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक डॉट इन' या राखीव नावाखाली येण्यास सांगितले. पासबुक हाती असलेल्या ज्येष्ठांना घरच्यांनी नावाचा हा शेवट मुद्दाम दाखवावा.

आता पत्ता मराठीतूनही लिहिता येतो. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील 'डॉट भारत' सुरू झाले. मराठीसह आठ भाषांसाठी ते आहे. गंमत अशी, की आत यंत्रणा अजूनही रोमन अक्षरांवरच चालते. 'भारत' हा शब्द तिच्या यादीत 'एक्सएन--एच२बीआरजे९सी' असा नोंदलेला आहे. आपल्याला 'कंधार' आणि 'कन्धार' एकच. डीएनएसला ती दोन निराळी गावे. फोनवर नाव ऐकणारा यांपैकी कोणतेही रूप लिहील. त्यामुळे गावाच्या नावाने मराठी पत्ता घेणाऱ्याने दोन्ही रूपांची चौकशी आधीच केलेली बरी.