कसरती प्रतिकृती-विमान : जुळणी व समतोल (जबलपूर)

रेडिओनियंत्रणाने उडविले जाणारे, आणि सुलट्या व उलट्या अशा दोन्ही अवस्थांत सारख्याच सुकरतेने चालावे म्हणून बहुधा सममित छेदाच्या पंखांचे केलेले छोटे विमान. राष्ट्रीय छात्र सेनेच्या वायुशाखेच्या शिक्षणक्रमात प्रतिकृती-विमानांचा अंतर्भाव असल्याने या विद्येची तोंडओळख अनेकांस विद्यार्थिदशेतच होते. परंतु विमान नुसते उडणे निराळे आणि गिरकी घेऊनही रेषेवर राहणे निराळे, व या दुसऱ्या गोष्टीचा बराचसा हिशेब गुरुत्वमध्यावर बसतो.

हा मध्य पंखाच्या सरासरी रुंदीच्या, पुढच्या कडेपासून मोजता, साधारणतः 25 ते 35 टक्क्यांच्या दरम्यान असावा लागतो. तपासणी संपूर्ण जुळणीनंतर, बॅटरी जागेवर बसवून, आणि इंधनाचे इंजिन असल्यास टाकी रिकामी ठेवून करावी. पंख खालच्या अंगास असलेले विमान बोटांवर तोलताना उताणे धरावे, म्हणजे ते कलंडत नाही. 3 किलोग्रॅमच्या विमानाचा मध्य 10 मिलिमीटर मागे पडला असता, इष्ट बिंदूच्या 400 मिलिमीटर पुढे, नाकात, 75 ग्रॅम शिसे घालून तो जागी येतो. पण 450 ग्रॅमची बॅटरी सुमारे 67 मिलिमीटर पुढे सरकविल्यानेही तेच साधत असल्याने, शिसे ही अखेरची तजवीज समजावी. डावा-उजवा तोल नाक व शेपूट यांवर टेकवून पाहतात आणि हलक्या पंखाच्या टोकास किंचित वजन देतात.

अंतिम निवाडा आकाशात होतो. सुमारे 45 अंशांच्या चढत्या रेषेत विमान उलटे करून एलेव्हेटरची काडी सोडली असता नाक झपाट्याने खाली आले तर ते नाकजड, आपणहून वर चढू लागले तर शेपूटजड, आणि रेषा बरीच राखून हळूहळू ढळले तर समतोल ठीक मानावा. एका वेळी एकच बदल करावा. दोन केले की दोष कोणता, याचा खुलासा होत नाही.

जबलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 410 मीटर उंचीवर असल्याने, मे महिन्यातील 42 अंश सेल्सिअसच्या दुपारी येथील हवा प्रमाण हवेपेक्षा सुमारे आठव्या हिश्श्याने विरळ असते. त्यामुळे त्याच वेगाला उचल तितकीच घटते, आणि स्टॉलचा वेग साधारणतः 7 टक्क्यांनी वाढतो. हिवाळ्यात चपळ असलेले विमान तेव्हा मंद व उतरताना उतावळे भासते, आणि समतोलच बिघडला असे समजून शिसे हलविण्याचा मोह अनावर होतो. तो आवरावा: गुरुत्वमध्य ऋतुमानाने सरकत नाही, म्हणून जानेवारीत ठरलेले स्थान कायम ठेवून उतरण्याचा वेग तेवढा वाढवावा.

स्थळाचा प्रश्न येथे अधिक नाजूक आहे, कारण 1904 साली स्थापन झालेल्या तोफगाड्यांच्या कारखान्यापासून खमरियाच्या दारूगोळा कारखान्यापर्यंत संरक्षण खात्याच्या हद्दी शहराभोवती पसरलेल्या असून पूर्वेस डुमना विमानतळ आहे. 2021 च्या ड्रोन नियमांत 25 किलोग्रॅमपर्यंतच्या, मनोरंजन वा अभ्यासासाठी नजरेच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या प्रतिकृतींची स्वतंत्र व्याख्या असली, तरी निषिद्ध क्षेत्रांची बंधने त्यांनाही लागू आहेत. मैदान मुकर्रर करण्यापूर्वी सरकारी हवाई नकाशा पाहावा.