पोटातली चरबी आणि मंद दाह: वजन, साखर आणि ऊर्जेचा हिशेब

ताप आला की तोंडाची चव जाते, भूक मरते आणि चार दिवसांत गालफडे बसतात. जंतूंशी लढताना शरीरात होणाऱ्या दाहाचा, म्हणजे इन्फ्लमेशनचा, हा परिणाम. तापमान १ अंश सेल्सियसने वाढले तरी शरीराचा ऊर्जाखर्च साधारण १० टक्क्यांनी वाढतो. लठ्ठपणातही दाह असतो. मग त्याने वजन का उतरत नाही?

कारण हा दाह मंद असतो. ताप नाही, वेदना नाही, पण वर्षानुवर्षे चालतो. पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठलेल्या चरबीत तो विशेष दिसतो. तिथल्या पेशी फुगत जातात, काही मरतात आणि त्यांची साफसफाई करायला मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशी गोळा होतात. त्या टीएनएफ-अल्फासारखी रसायने सोडतात. लठ्ठ उंदरांमध्ये हे रसायन अडवले की इन्सुलिनचे काम सुधारते, हे १९९३ मध्ये दिसून आले. या रसायनांमुळे इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत नीट पोहोचत नाही. स्नायू साखर कमी उचलतात, यकृत गरज नसताना साखर तयार करत राहते आणि स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडावे लागते. जास्त इन्सुलिन म्हणजे चरबी मोकळी होण्याला अडथळा. ऊर्जा साठलेली असते, पण वापरायला सहज मिळत नाही.

तरीही सगळा दोष दाहाला देता येत नाही. टीएनएफ रोखणारी औषधे माणसांत मधुमेहावर अपेक्षेइतकी चालली नाहीत. त्यामुळे ‘दाह घालवा, वजन आपोआप उतरेल’ या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. हळद आमटीत जरूर घाला. तिच्या जास्त मात्रेच्या कॅप्सूलमुळे मात्र काहींच्या यकृताला इजा झाली आहे.

‘मी तर बारीक आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन यडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना मांडली. दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातील चरबी यडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! म्हणून वजनकाट्याबरोबर टेपही वापरा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजा. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त घेर असेल तर साखर, लिपिड आणि रक्तदाब तपासून घ्या.

वजन ५ ते १० टक्के उतरले तरी दाह आणि साखर दोन्हींत फरक पडतो. ८० किलोच्या माणसासाठी हे ४ ते ८ किलो झाले.

एचएस-सीआरपी तपासणी प्रत्येकाला लागत नाही. करायचीच असेल तर सर्दी-तापात किंवा दाढ सुजलेली असताना करू नका. आकडा १० च्या वर आला तर आधी संसर्ग शोधावा लागतो. बरे वाटल्यावर दोन आठवड्यांनी ती पुन्हा करा.