फ्रीडॉसची बूट डिस्क अडली तर...

स्वस्तातील लॅपटॉपच्या खोक्यावर 'डॉस' एवढाच उल्लेख असलेला अनेक ग्राहकांना आठवत असेल. हे डॉस म्हणजे बहुतेकदा 'फ्रीडॉस'. मायक्रोसॉफ्ट एमएस-डॉसला निरोप देणार असे दिसताच अमेरिकेतील जिम हॉल या विद्यार्थ्याने २९ जून १९९४ रोजी या प्रकल्पाची घोषणा केली. जगभरातील हौशी प्रोग्रामरांनी ती कार्यप्रणाली फावल्या वेळात घडवली. तिची १.० आवृत्ती सप्टेंबर २००६ मध्ये, तर १.४ आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये आली. जुने हिशेबाचे प्रोग्राम, जुने खेळ किंवा एकेकाळी पुण्याच्या 'सी-डॅक'च्या जिस्ट कार्डावर चालणारी देवनागरी कामे पुन्हा उघडू पाहणाऱ्यांना आजही तिचा आधार वाटतो. मात्र पहिल्याच पायरीवर, म्हणजे बूट डिस्कवर, अनेकांचे घोडे अडते.

प्रथम प्रत, मग प्रयोग

अडचणीपेक्षा घाईचा उपाय अधिक महाग पडतो. विंडोजचे एनटीएफएस स्वरूपातील पार्टिशन फ्रीडॉसला वाचता येत नाही, आणि जीपीटी ही डिस्कविभागणीची नवी पद्धतही त्याला समजत नाही. त्यामुळे कौटुंबिक छायाचित्रांनी भरलेली डिस्कही त्याला निरुपयोगी भासू शकते. अशा वेळी पार्टिशन किंवा फॉरमॅट करण्याच्या प्रश्नाला 'हो' म्हटले, तर सारे गमावण्याची वेळ येते. म्हणून महत्त्वाच्या फायलींची प्रत आधी अन्यत्र ठेवावी. शक्य असल्यास प्रयोगासाठी वेगळी हार्ड डिस्कच वापरावी.

बूट होताना काय घडते?

संगणक सुरू होताच बायोस डिस्कचा पहिला सेक्टर वाचते. हा सेक्टर ५१२ बाइटचा असतो. हार्ड डिस्कवर त्यात ४४६ बाइटचा छोटा प्रोग्राम, ६४ बाइटचा पार्टिशनचा तक्ता आणि अखेरीस २ बाइटची खूण असते. हा प्रोग्राम 'अॅक्टिव्ह' पार्टिशन शोधतो. त्या पार्टिशनचा बूट सेक्टर 'कर्नल डॉट सिस' ही फाइल मेमरीत आणतो. कर्नल 'एफडीकॉन्फिग डॉट सिस' वाचून शेवटी 'कमांड डॉट कॉम' सुरू करते. ही साखळी कोणत्या कडीपाशी तुटली हे ओळखले, की निम्मे काम होते.

डिस्क ओळखलीच जात नाही

'नॉन सिस्टिम डिस्क' किंवा 'नो बूटेबल डिव्हाइस' असा संदेश आल्यास पुढील बाबी क्रमाने तपासाव्यात.

१) प्रतिमा-फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली आहे काय? तसे केल्यास पहिल्या सेक्टरमध्ये बूटचा प्रोग्राम जातच नाही. प्रतिमा लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरनेच ती सेक्टरनिहाय उतरवावी लागते. फ्लॉपीसाठीही हाच नियम आहे. १.४४ एमबीच्या फ्लॉपीची प्रतिमा नेमकी १४,७४,५६० बाइटची असते. आकार कमी भरल्यास फाइल अपुरी उतरली आहे असे समजावे.

२) बायोसमधील बूटचा क्रम योग्य आहे काय? पेनड्राइव्ह किंवा सीडी हार्ड डिस्कच्या वर असावी.

३) संगणकात जुनी बायोस पद्धत उपलब्ध आहे काय? फ्रीडॉस यूईएफआय पद्धतीने सुरू होत नाही. सेटअपमध्ये 'लेगसी' किंवा 'सीएसएम' हा पर्याय असल्यास तो चालू करावा. त्यासाठी 'सिक्युअर बूट' बंद करावे लागते. अनेक नव्या संगणकांतून हा पर्याय काढून टाकण्यात आला आहे. तेथे कितीही पेनड्राइव्ह बदलले तरी उपयोग नाही. व्हर्च्युअलबॉक्स किंवा क्यूईएमयूसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आभासी संगणक तयार करणे हाच मार्ग उरतो.

४) संगणक फार जुना आहे काय? 'लाइव्ह सीडी' न चालल्यास 'लेगसी सीडी' वापरून पाहावी. सीडीवरून बूटच होत नसेल तर फ्लॉपीसंच उपलब्ध आहे. जुन्या फ्लॉपींवर खराब सेक्टर असणे नित्याचे आहे. त्यामुळे एका फ्लॉपीच्या अपयशावरून निष्कर्ष काढू नये.

सुरू होते, पण मध्येच थांबते

कर्नलचा संदेश दिसून पडदा स्तब्ध झाला, तर दोष बहुधा एखाद्या ड्रायव्हरचा, विशेषतः मेमरी हाताळणाऱ्या ड्रायव्हरचा असतो. अशा वेळी एफ५ ही कळ दाबून सर्व आज्ञा वगळाव्यात, किंवा एफ८ दाबून एकेक आज्ञा तपासत पुढे जावे. 'बॅड ऑर मिसिंग कमांड इंटरप्रीटर' हा संदेश आल्यास कर्नल सापडले, पण 'कमांड डॉट कॉम' सापडले नाही, असा त्याचा अर्थ होतो.

स्थापना झाली, पण हार्ड डिस्क बूट होत नाही

पार्टिशन केल्यानंतर संगणक पुन्हा सुरू करणे आवश्यक असते. ही पायरी वगळल्याने पुढचे काम बिघडते. त्यानंतर 'एफडिस्क'मध्ये पार्टिशन अॅक्टिव्ह आहे ना, हे पाहावे. कर्नल सापडत नसेल तर बूट डिस्कवरून सुरू करून 'सिस सी:' ही आज्ञा द्यावी. पहिला सेक्टरच बिघडला असल्यास 'एफडिस्क /एमबीआर' उपयोगी पडते. परंतु त्याच डिस्कवर लिनक्स असेल, तर त्याचा बूटलोडर या आज्ञेने पुसला जाऊ शकतो.

येथे आणखी एक चकवा आहे. पेनड्राइव्हवरून सुरू केल्यास अनेक बायोस त्यालाच पहिली हार्ड डिस्क मानतात. मग 'सी:' हे पेनड्राइव्ह ठरते आणि आतील डिस्क 'डी:' होते. म्हणून कोणतीही आज्ञा देण्यापूर्वी 'डीआयआर' लिहून आतील फायली पाहाव्यात आणि आपण कोणत्या डिस्कवर आहोत याची खातरजमा करावी.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि पडद्यावरील संदेश शब्दशः कागदावर उतरवून ठेवावा. पुढे जाणकाराला विचारण्याची वेळ आल्यास 'चालत नाही' या तक्रारीपेक्षा तो कागद अधिक उपयोगी पडतो.