लैंगिक आरोग्य : आपल्या वस्तीत दबक्या आवाजात विचारले जाणारे प्रश्न

'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली, म्हणून रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर १९३४ साली मुंबईत अश्लीलतेचा खटला झाला. कर्वेंचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही, ही बाबासाहेबांची भूमिका होती. खटला हरला, कर्वेंना दंड झाला, पण मासिक १९५३ पर्यंत चालू राहिले. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला. पी. जे. रोहम यांनी तो मांडला आणि सभागृहाने तो फेटाळला. आपल्या चळवळीच्या इतिहासात हा विषय असा अगदी मध्यभागी आहे. तरीही विहारातल्या बैठकीत तो निघाला की माना खाली जातात.

राजूरला कोळसा खाणी आणि चुनाभट्ट्यांवर राबणाऱ्या कुटुंबांत काम करताना आम्हाला जे प्रश्न वारंवार ऐकू येतात, त्यांची उत्तरे इथे देत आहोत.

मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हस्तमैथुनाने किंवा झोपेत वीर्य गेल्याने अशक्तपणा येतो का? येत नाही. वीर्य शरीरात सतत तयार होत असते, ते रक्तातून 'आटून' बनत नाही. 'स्वप्नदोष' या शब्दातच दोष चिकटवला आहे, प्रत्यक्षात ती वयात येण्याची साधी खूण आहे. याच भीतीवर बसस्टँडच्या भिंतीवरचे 'गुप्तरोग' वैद्य जगतात. हजारो रुपयांच्या पुड्या घेऊन मुले कर्जात जातात आणि लाजेमुळे घरी सांगत नाहीत.

ताठरता येत नसेल तर एखाद्या वेळचे मनावर घेऊ नये. ताण, थकवा, दारू ही नेहमीची कारणे. मात्र त्रास टिकून राहिला तर रक्तदाब आणि साखर तपासावी. खर्रा आणि बिडीतल्या निकोटीनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्याचा परिणाम तिथेही होतो. भट्टीजवळच्या सततच्या उष्णतेने शुक्राणू कमी होऊ शकतात. म्हणून मूल होत नसेल तर आधी बाईला दवाखान्यात फिरवू नका, दोघांचीही तपासणी करा. वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी आणि स्वस्त तपासणी आहे, पण पुरुष तीच टाळतो.

बायकांचा प्रश्न बहुधा अंगावरून पांढरे जाण्याचा असतो. पाळीच्या मधल्या दिवसांत थोडा पातळ, बिनवासाचा स्राव नैसर्गिक आहे. खाज, दुर्गंधी, हिरवट-पिवळा रंग किंवा दह्यासारखे गोळे दिसले तर तो संसर्ग, आणि तो औषधाने बरा होतो. काही संसर्गांत नवऱ्यानेही औषध घ्यावे लागते, नाहीतर आजार फिरून येतो. एवढ्यासाठी 'पिशवी काढा' असे कुणी सांगितले तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका. बीडमध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये राज्याला चौकशी समिती नेमावी लागली होती.

पहिल्या रात्री रक्त आले नाही म्हणून मुलीवर संशय घेतल्याचे अजूनही कानावर येते. योनिपटल प्रत्येकीचे वेगळे असते, अनेकींना रक्त येतच नाही. कौमार्य ओळखणारी कोणतीही वैद्यकीय तपासणी नाही.

ऑपरेशन कुणी करायचे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार देशात सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती. पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के. खरे तर पुरुषांची शस्त्रक्रिया लहान, कमी धोक्याची आणि त्याच दिवशी घरी सोडणारी. ताकद किंवा इच्छा कमी होत नाही. फक्त पुढचे तीन महिने, वीर्यतपासणीत शुक्राणू नाहीत असे कळेपर्यंत, निरोध वापरावा लागतो. समतेची भाषणे देणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांनी हा आकडा जरा डोळ्यांसमोर ठेवावा.

निरोध आशाताईंकडे मिळतो आणि गर्भधारणेसोबत लैंगिक आजारांपासूनही वाचवतो. आपत्कालीन गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. ती रोजचा उपाय नव्हे. गर्भपात कायदेशीर आहे, आणि १८ वर्षांवरील स्त्रीला स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. मर्यादा साधारण २० आठवडे, ठरावीक परिस्थितीत २४.

लघवीला जळजळ, जखम किंवा पू दिसला, किंवा असुरक्षित संबंध आला असेल तर सरकारी रुग्णालयातील आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते. अगदी लगेच केलेली तपासणी निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करावी. २०१७ च्या कायद्याने ही माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. फोनवर विचारायचे असल्यास १०९७ हा मोफत क्रमांक आहे. किशोरवयीन मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत 'मैत्री क्लिनिक' असते. पहिल्यांदा जायला संकोच वाटत असेल तर आशाताईंना किंवा विश्वासातल्या मित्राला सोबत न्या.