झिजलेला जोड

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें निघालें म्हणजे उरुळी कांचन मागें पडल्यावर, यवतच्या अलीकडे, कासुर्डी हें गांव लागतें. दौंड तालुक्यांतील ह्या गांवावरून दरवर्षीं आषाढी वारीला तुकाराम महाराजांची पालखी जाते. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनीं हा सोहळा १६८५ सालीं सुरू केला. देहूहून पंढरपूर सुमारें अडीचशें किलोमीटर; एवढी वाट तुडवणाऱ्याच्या वहाणा वाटेंतच निकामी होणार, हें उघड आहे. म्हणून वारीच्या वाटेवर आरी-रांपी घेऊन बसलेला चर्मकार भेटतो, आणि वारकऱ्यांच्या वहाणा सेवा म्हणून फुकट शिवून देणारेही त्यांत असतात. नवी वहाण कोणती घ्यावी, हा प्रश्न तेथें सहसा उद्भवत नाहीं. टांका घालावा, तळ चढवावा आणि पुढें चालूं लागावें.

श्रोतेहो, अशाच रस्त्यांच्या कडेनें पहांटेच्या वेळीं आज दुसरेही पाय पडतांना दिसतात. पोलीस भरतीच्या चाचणींत मुलांना १,६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धांवावें लागतें. दौंडला तर राज्य राखीव पोलीस दलाचे गटच आहेत. शहरांतही, पुणें आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ सालीं सुरू झाल्यापासून, धांवण्याची हौस घरोघर पोंचली आहे. ह्या सर्वांच्या पायांतला जोड कधीं ना कधीं झिजतो. तो केव्हां टाकावा आणि नवा कसा निवडावा, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक दिसतो. परंतु भरतीच्या तोंडावर नडगी दुखावली, तर एका तरुणाचें अख्खें वर्ष फुकट जातें. म्हणून ह्या प्रश्नाचा थोडा इतिहास आज सांगावयाचा आहे.

चामड्याच्या वहाणेचा मोठा गुण हा कीं, तिची झीज लपून राहत नाहीं. तिचा तळ थरांचा असतो. जमिनीकडचा थर गेला कीं आंतला दिसूं लागतो, टाच एका अंगाला कलते, अंगठा निसटतो. चर्मकार ती उलटी करून पाहतो आणि क्षणांत सांगतो कीं, अजून एक हंगाम निघेल किंवा आतां हिचा मोह सोडा. दुरुस्तीनंतरही वरचा भाग तोच, पायाच्या ओळखीचा राहतो.

ही व्यवस्था पालटली ती रबरामुळें. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन संशोधकानें गंधक व उष्णता यांच्या साह्यानें रबर टिकाऊ करण्याच्या कृतीचें पेटंट १८४४ सालीं मिळविलें, आणि त्या शतकाच्या उत्तरार्धांत रबरी तळाचे कापडी बूट खेळाडूंच्या पायांत आले. तरीही ह्या बुटांची झीज डोळ्यांना दिसतच होती. खरा पालट १९७० नंतरच्या दशकांत झाला. वरचें कापड व खालचें रबर यांच्यामध्यें, हवेच्या सूक्ष्म पोकळ्यांनीं भरलेल्या फोमचा जाड थर घालण्याची रीत रूढ झाली. पाऊल पडलें कीं हा थर दबतो, उचललें कीं पुन्हां फुगतो. लाखों पावलांनंतर त्याची उसळी मंदावते. परंतु खालचें रबर शाबूत असतें, कापडही नवें भासतें. जोड बाहेरून धडधाकट आणि आंतून संपलेला! चर्मकाराच्या आरीला हा थर शिवतां येत नाहीं. शतकानुशतकें जो निवाडा त्यानें दिला, तो आतां धांवणाऱ्यालाच द्यावा लागतो.

तो कशावरून द्यावा? ५०० ते ८०० किलोमीटर हा सर्वसाधारण अंदाज सांगतात. आठवड्यास २५ किलोमीटर धांवणाऱ्याला असा जोड वीस ते बत्तीस आठवडे पुरेल. पण धांवणाऱ्याचें वजन, पाऊल टाकण्याची ढब, रस्ता डांबरी कीं मातीचा, यांवर हा अंदाज पालटतो. म्हणून खुणाही पाहाव्यात. फोमच्या कडेवर आडव्या सुरकुत्या कायमच्या उमटणें, सपाट फरशीवर ठेवलेला बूट एका अंगाला कलणें, आणि अंतर वा वेग न वाढवितां नडगी, गुडघा किंवा टाच नव्यानें दुखूं लागणें, ह्या त्या खुणा होत. अर्थात् दुखणें टिकलें, तर दुकानदाराकडे न जातां डॉक्टरांकडे जावें.

जुना सोडावयाचें ठरलें तरी नवा केव्हां पायांत घालावा, हें उरतेंच. त्याचा धडा १९६० च्या रोम ऑलिंपिकनें दिला. इथिओपियाचा सैनिक अबेबे बिकिला यानें रोमला पोंचल्यावर नवे बूट घेतले. ते नीट बसेनात, पायांना फोड आले. अखेर १० सप्टेंबर रोजीं तो अनवाणीच धांवला आणि २ तास १५ मिनिटें १६.२ सेकंदांत मॅरेथॉन जिंकला. चार वर्षांनीं टोकियोस तोच बिकिला बूट घालून धांवला आणि त्याहूनही कमी वेळांत पहिला आला. अनवाणी पायांचे भक्त ह्या कथेचा पूर्वार्ध सांगतात, बूट विकणारे उत्तरार्ध. दोन्ही एकत्र वाचले म्हणजे कळतें कीं, अंतिम निवाडा पायाचा असतो, आणि पायाला तो देण्यास अवधि लागतो. नव्याचे नऊ दिवस ही म्हण येथें उलटी होते. पहिले नऊ दिवसच अवघड. जुना पुरता संपण्याआधींच नवा आणावा, कांहीं आठवडे दोन्ही आलटूनपालटून वापरावे. लक्झेंबर्गमध्यें २६४ धांवपटूंचा अभ्यास झाला, त्यांत असे एकाहून अधिक जोड वापरणारांना दुखापती कमी झाल्याचें आढळलें. पूर्वीचा जोड मानवला असेल, तर केवळ रंगाच्या मोहानें त्याची जात बदलूं नये.

येथवर, ज्यांना निवड करतां येते त्यांचें झालें. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत धांवणारे बहुतेक शेतांत राबणारे शेतकऱ्यांचे मुलगे होते, अशी आठवण दोराबजी टाटांनीं नमूद केली आहे. त्या शर्यतींतूनच भारतीय चमू १९२० सालीं अँटवर्पला धाडण्याची कल्पना निघाली, आणि तेथें बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्यें एकोणिसावे आले. नाशिक जिल्ह्यांतील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनींही आरंभीं अनवाणी पायांनींच सराव केला. पुढें २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेंत त्यांना १०,००० मीटरचें कांस्यपदक मिळालें.

म्हणून शहरांतील श्रोत्यांना एक विनंती आहे. आपला झिजलेला जोड धांवण्यासाठीं म्हणून एखाद्या होतकरू मुलाला देण्याची चाल आहे. तीमागील भाव चांगला असतो, पण ज्या फोमनें आपले गुडघे राखावयाचें सोडलें, तो त्या मुलाचे काय राखणार? जुना जोड बागेंत, बाजारांत, पायीं फिरण्यास खुशाल वापरावा. मुलाला धांवावयाचें असेल, तर त्याला दुकानांत नेऊन त्याच्या पायाच्या मापाचा नवा घेऊन द्यावा.