एआय सहायकातील ‘प्रोजेक्ट’: कोठीच्या इतिहासाचे दप्तर बांधताना

संगणकावरील एआय सहायकात ‘प्रोजेक्ट’ म्हणजे एका विशिष्ट कामापुरते राखून ठेवलेले कायमचे दालन. एरवी नवा संवाद उघडला की सहायकापुढे जवळजवळ कोरी पाटी असते. काल काय ठरले, कोणती कागदपत्रे दाखवली, कोणते नाव कसे लिहायचे, हे पुन्हा सांगावे लागते. काही सहायकांत आता स्मरणाची सोय आहे. पण ती ठळक गोष्टींपुरती असते आणि काय लक्षात राहील हे वापरणाऱ्याच्या पूर्णपणे हाती नसते. प्रोजेक्टमध्ये मात्र त्या कामाच्या स्थायी सूचना, त्या कामाची कागदपत्रे आणि त्या कामाविषयीचे संवाद एकत्र राहतात. अँथ्रॉपिकने आपल्या क्लॉड या सहायकात ही सोय जून २०२४ मध्ये आणली, तर ओपनएआयने चॅटजीपीटीमध्ये त्याच वर्षीच्या डिसेंबरात. गूगलचे नोटबुकएलएम २०२३ पासून याच कल्पनेवर उभे आहे. ते मुख्यतः वापरणाऱ्याने दिलेल्या साधनांच्या आधारे उत्तर देते. पडद्यावरील बटणांची नावे आणि जागा वरचेवर बदलतात, बांधणी मात्र सर्वत्र साधारण सारखीच आहे.

मराठीत या वस्तूला जुना आणि नेमका शब्द उपलब्ध आहे, तो म्हणजे दप्तर. पेशवे दप्तरातील कागद विषयवार रुमालांत बांधून ठेवलेले असत. रुमाल सोडला की त्या प्रकरणाचे सगळे कागद पुढ्यात. प्रोजेक्ट हा असाच एक रुमाल होय. तो नीट बांधला नसेल तर सहायक कितीही हुशार असला, तरी त्याला चुकीचाच कागद सापडतो, किंवा कागद नसताना तो स्वतःच मजकूर रचतो. दुसरा धोका अधिक मोठा आहे, कारण रचलेला मजकूरही तितक्याच ठाम आणि सफाईदार मराठीत येतो.

कोठीचे उदाहरण

हैदराबादमधील कोठी हा भाग या कामासाठी उत्तम उदाहरण ठरतो. गोव्याबाहेर आणि महाराष्ट्राबाहेर जो मराठी समाज वसला, त्याच्या इतिहासाची साधने थोडी आणि विखुरलेली आहेत. इंटरनेटवर तर त्यांतले फारच थोडे आहे. अशा विषयावर संस्थेची स्मरणिका, शताब्दी अंक किंवा लहानसे पुस्तक तयार होते, तेव्हा त्यात शिरलेली एक चूक पुढच्या प्रत्येक लेखात उतरत जाते. ती दुरुस्त करायला दुसरे साधनच नसते.

कोठी हे नाव ब्रिटिश रेसिडेन्सीच्या भव्य वाड्यावरून पडले. जेम्स अकिलीज कर्कपॅट्रिक हा रेसिडेंट असताना, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, हा वाडा उभा राहिला. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली याच रेसिडेन्सीवर हल्ला झाला. १९४९ मध्ये तेथे उस्मानिया विद्यापीठाचे महिला महाविद्यालय आले. २०२२ मध्ये त्याचे महिला विद्यापीठ झाले आणि पुढे त्या विद्यापीठाला चाकली इलम्मा यांचे नाव देण्यात आले. म्हणजे एकाच इमारतीचा उल्लेख जुन्या कागदांत ‘रेसिडेन्सी’, नंतरच्या कागदांत ‘विमेन्स कॉलेज’ आणि अलीकडच्या बातम्यांत तिसऱ्याच नावाने येतो. या तीन वेगळ्या वास्तू आहेत असे सहायकाने धरले, तर त्याला दोष देता येत नाही. त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

याच परिसरात मराठी हैदराबादचा गाभा आहे. १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी शिक्षणसंस्था जांबागेत आहे. इसामिया बाजार व सुलतान बाजार या भागांत मराठी साहित्य परिषद आणि मराठी ग्रंथसंग्रहालय यांचे कार्य चालत आले. परिषदेचे ‘पंचधारा’ हे नियतकालिक मराठी वाचकांना परिचित आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानाचा, नंतर हैदराबाद राज्याचा भाग होता आणि त्याची राजधानी हैदराबाद होती, हे ध्यानात घेतले की येथे मराठी संस्था का रुजल्या याचे उत्तर मिळते. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९३० मध्ये मडगावला वामन मल्हार जोशी यांच्या अध्यक्षतेखाली आणि लगेच १९३१ मध्ये हैदराबादला ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली भरले. गोमंतकीय वाचकाला हा शेजार सुखावणारा आहे. परंतु सहायकाला नुसते विचारले तर या दोन नावांची अदलाबदल होण्याचा संभव असतो.

स्थायी सूचना

कोठीतील मराठी संस्थांवर लिहिणाऱ्या अभ्यासकाने प्रोजेक्ट उघडल्यावर प्रथम त्याला नाव द्यावे. ‘हैदराबाद’ असे मोघम नाव नको. ‘कोठी परिसरातील मराठी संस्था, १९०० ते १९५६’ असे मर्यादा सांगणारे हवे. एका प्रोजेक्टमध्ये एकच काम ठेवावे. संस्थेचा हिशेब, वार्षिक सभेची पत्रे आणि इतिहासलेखन हे सारे एकाच दालनात कोंबले, की इतिहासाच्या उत्तरात वर्गणीचे आकडे डोकावू लागतात.

त्यानंतर स्थायी सूचनांचा मजकूर येतो. बहुतेक लोक येथे ‘तू एक तज्ज्ञ इतिहासकार आहेस’ असे एखादे भारदस्त वाक्य लिहून मोकळे होतात. अशा वाक्याचा उपयोग जवळजवळ नसतो. जे माहीत नसल्याने नवखा मदतनीस चुकेल, ते सूचनांत लिहावे. कोठीच्या बाबतीत अशा गोष्टी सहज सुचतात. इंग्रजी कागदांतील रोमन लिपीतले स्थलनाव बऱ्याचदा ‘ह’काराशिवाय लिहिलेले असते आणि मराठीत आणताना सहायक त्याचे ‘कोटी’ करतो. मग वाक्यात जागेच्या ऐवजी संख्या येते. म्हणून ‘हे स्थलनाव सदैव कोठी असे लिहावे’ ही पहिली सूचना. गोव्यात हीच अडचण दुसऱ्या रूपात भेटते: पोर्तुगीज वर्णलेखनातून उलट येताना पेडण्याचे ‘पेर्नेम’, डिचोलीचे ‘बिचोलिम’ आणि साखळीचे ‘सांक्वेलिम’ होते.

दुसरी सूचना कालगणनेची, आणि ती सर्वांत महत्त्वाची म्हणावी लागेल. निजामाच्या राज्यातील सरकारी कागदांवर फसली सन असतो. दख्खनी फसलीत साधारण ५९० मिळवले की इसवी सन मिळतो. पण हैदराबादेत हे वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होत असल्याने १३५७ फसली म्हणजे १९४७ च्या शरदापासून १९४८ च्या शरदापर्यंतचा काळ. उत्तर हिंदुस्थानातील फसलीत हाच फरक ५९२-५९३ चा असतो. सहायकाने तो फरक वापरला तर सप्टेंबर १९४८ च्या हैदराबाद मुक्तीची घटना दोन वर्षे पुढे सरकते. त्यात शके आणि हिजरी सनही मिसळलेले असतात. तेव्हा सूचना अशी हवी: ‘मूळ सन आहे तसा ठेवावा, कोणता सन ते लिहावे, इसवी सन पुढे कंसात द्यावा, आणि महिना ठाऊक नसेल तर दोन्ही इसवी वर्षे लिहावीत.’

तिसरी सूचना उत्तराच्या शिस्तीची: प्रत्येक विधानापुढे फाइलचे नाव आणि पान द्यावे, कागदांत आधार नसेल तर ‘कागदांत नाही’ असे स्पष्ट लिहावे, सामान्य ज्ञानातून भर घालायची असल्यास ती वेगळ्या परिच्छेदात ठेवावी. सूचना एक-दीड पानात आटोपाव्यात. त्या वाढत गेल्या की परस्परविरोधी होतात, आणि मग सहायक कोणती पाळतो याचा नेम राहत नाही.

कागदपत्रे

प्रोजेक्टमध्ये घातलेली फाइल त्यातील प्रत्येक संवादाला उपलब्ध असते. म्हणून काय घालावे यापेक्षा काय घालू नये, याचा विचार आधी करणे बरे. एकाच लेखाचे तीन मसुदे ठेवले, तर सहायक रद्द झालेल्या मसुद्यातील वाक्यही तितक्याच श्रद्धेने उद्धृत करतो. जुने मसुदे बाहेर काढावेत.

छापील मराठी पानांची छायाचित्रे तशीच टाकण्याऐवजी त्यांतील मजकूर आधी अक्षररूपात काढावा आणि माणसाने एकदा वाचून तपासावा. जुन्या खिळ्यांच्या छपाईत जोडाक्षरे तुटतात आणि ‘१’ व ‘९’ यांची गल्लत होते; त्याला एक पुसट ठसा पुरतो. मोडी कागद आणि हाताने लिहिलेले उर्दू कागद यांचे वाचन सध्या तरी जाणकारांकडूनच करून घ्यावे आणि लिप्यंतर प्रोजेक्टमध्ये ठेवावे. देवनागरी मजकूर सहायकाच्या मोजणीत तितक्याच लांबीच्या इंग्रजी मजकुरापेक्षा अधिक जागा घेतो, हेही येथे उपयोगी पडणारे ज्ञान आहे. साठा मोठा झाला की अनेक सहायक सारे कागद एकदम न वाचता प्रश्नाशी जुळणारे तुकडे शोधून तेवढेच वाचतात. परिणामी, एखादी गोष्ट कागदात असूनही ‘नाही’ असे उत्तर येऊ शकते. तसे झाल्यास फाइलचे नाव घेऊन पुन्हा विचारावे.

फाइलींची नावे ‘स्कॅन ००४’ अशी नसावीत. ‘१९३१ संमेलन, स्वागत समिती, छापील’ असे वर्ष, विषय आणि स्वरूप सांगणारे नाव शोधाला मदत करते. शिवाय एक स्वतंत्र अनुक्रमणिका असावी: कोणती फाइल कशाची, कोठून मिळाली, कितपत विश्वसनीय. गोव्यात पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीजकालीन दप्तरखान्याची मार्गदर्शिका तयार केली, ती १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. साठा कितीही समृद्ध असला तरी त्यात शिरायची वाट कोणीतरी आखून द्यावी लागते, याचा तो वस्तुपाठ आहे. सहायकालाही तीच वाट लागते. रेसिडेन्सीची तिन्ही नावे एकाच वास्तूची आहेत, ही नोंदही या अनुक्रमणिकेतच असावी.

संगणकावरील फोल्डर

डेस्कटॉप सहायकांत आणखी एक शक्यता असते. फाइली चढवण्याऐवजी संगणकावरील एखादा फोल्डरच त्याला मोकळा करून देता येतो. मग तो त्यात वाचतो, नव्या फाइली लिहितो, नावे बदलतो. ही सोय मोठी आहे आणि तिच्यात नुकसानीची शक्यताही तितकीच मोठी आहे. सगळी डिस्क किंवा ‘डॉक्युमेंट्स’ हा सबंध फोल्डर कधीही देऊ नये. कामासाठी वेगळा फोल्डर करून त्यात प्रती ठेवाव्यात आणि मूळ स्कॅन बाहेर, शक्य तर वेगळ्या डिस्कवर असावेत. पुसण्यापूर्वी किंवा फाइलवर नवा मजकूर चढवण्यापूर्वी परवानगी मागण्याची सेटिंग चालूच ठेवावी. बाहेरून आलेल्या कागदात सहायकालाच उद्देशून लपवलेली आज्ञा असू शकते, हा प्रकार काल्पनिक नाही. म्हणून अनोळखी फाइल आधी स्वतः उघडून पाहावी.

संस्थांच्या कागदांत सभासदांचे पत्ते, दूरध्वनी, देणग्यांचे तपशील असतात. ते काढूनच प्रत चढवावी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ हा कायदा आता आहेच. पण कायदा नसता तरी दुसऱ्याचा पत्ता कोठे ठेवायचा हे त्याला विचारून ठरवणे हीच रीत. संवादांचा वापर प्रशिक्षणासाठी होऊ द्यायचा की नाही, याची निवड सेटिंगमध्ये असते. ती पहिल्याच दिवशी पाहावी. प्रोजेक्ट इतरांशी वाटून घेतल्यास त्यांना कागदही दिसतात, हे बऱ्याच जणांच्या ध्यानी येत नाही.

रोजची नोंद

येथे एक गैरसमज सार्वत्रिक आहे. प्रोजेक्टमधील एका संवादात ठरलेली गोष्ट दुसऱ्या संवादाला आपोआप कळतेच असे नाही. फाइली आणि सूचना सामायिक असतात. बोलणे मात्र दुसऱ्या संवादात पूर्णपणे पोहोचेलच याची खात्री नसते. त्यामुळे दिवसाचे काम संपताना सहायकाकडूनच अर्ध्या पानाची नोंद लिहून घ्यावी: आज काय निश्चित झाले, कशाचा आधार मिळाला नाही, उद्या कोठून सुरुवात. ती वाचून, दुरुस्त करून ‘कामाची नोंद’ या फाइलमध्ये जोडावी. हा पाच मिनिटांचा कंटाळवाणा व्यवहार टाळणाऱ्यांचे प्रोजेक्ट महिन्याभरात निरुपयोगी होतात.

पडताळणी

दालन तयार झाल्यावर त्याची परीक्षा घ्यावी, आणि तीही ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे अशा प्रश्नांनी. १९३१ च्या संमेलनाचे अध्यक्ष कोण? १३५७ फसली म्हणजे कोणता काळ? रेसिडेन्सीच्या इमारतीत महिला महाविद्यालय कधी आले? या तिहींची उत्तरे आधारासह बरोबर यावीत. चौथा प्रश्न मुद्दाम असा विचारावा की ज्याचे उत्तर दिलेल्या कागदांत नाहीच. सहायकाने तेथे ‘कागदांत नाही’ असे म्हटले तर सूचना लागू पडली. त्याने एखादे नाव किंवा तारीख पुढे केली तर सूचना पुन्हा लिहिण्याची गरज आहे. दिलेले पान प्रत्यक्ष उघडून पाहिल्याशिवाय कोणतेही विधान छपाईला जाऊ नये. पानाचा क्रमांक दिला आहे म्हणून ते वाक्य त्या पानावर असेलच, असे नाही.

विनामूल्य खात्यांवर फाइलींच्या संख्येच्या आणि वापराच्या मर्यादा असतात, त्या बदलतही राहतात. पैसे भरणे थांबवले किंवा कंपनीने सोय बंद केली तर दालनातील कागद हाती राहतीलच याची हमी नसते. म्हणून सूचना, अनुक्रमणिका आणि कामाची नोंद या तीन फाइली साध्या मजकुराच्या रूपात स्वतःच्या संगणकावर ठेवाव्यात. तेवढ्या असल्या की कोणत्याही दुसऱ्या सहायकात तेच दप्तर तासाभरात पुन्हा बांधता येते.